बुडीत खाती

२२ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. नागपुरात घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. पंगती आटोपून शहर झोपलं आणि मध्यरात्रीनंतर जो पाऊस लागला त्यानं चार तासांत शंभर मिलिमीटरचा आकडा ओलांडला. दीडशे वर्षांहून जुना अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीनं काठ सोडले. उजाडलं तेव्हा मोरभवनच्या बसस्थानकात गाड्या पाण्यात उभ्या होत्या, अंबाझरी परिसरात बचावाच्या बोटी फिरत होत्या आणि सीताबर्डीतल्या तळघरांत पायऱ्या कुठे संपतात ते दिसत नव्हतं.

माणसं गेली, संसार भिजले, आणि सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकानं पाणी अडवलं की नाही हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोचला. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. टेबलाखाली, थेट फरशीवर ठेवलेल्या सीपीयूंबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही. वास्तविक त्या पुरात पाण्याखाली पहिल्यांदा गेलेली वस्तू तीच असणार. फरशीपासून दोन इंच पाणी चढलं की पुरे. सीपीयू जमिनीवर ठेवायची पद्धत कुठून आली कोण जाणे. गल्ला कुणी जमिनीवर ठेवत नाही.

तारीखही बघा. टॅक्स ऑडिटचा अहवाल भरायची मुदत ३० सप्टेंबर. म्हणजे पाणी आलं तेव्हा हातात बरोबर एक आठवडा होता. वर्षभराचा हिशेब सीएच्या ऑफिसात आधीच पोचलेला असेल तर ठीक. पण आपल्याकडे तो पोचतो शेवटच्या चार दिवसांत, पेन ड्राइव्हवर, आणि तोही सीएच्या माणसानं तीनदा फोन केल्यावर.

बर्डीवर मोदी नंबर तीनच्या गल्लीत कम्प्युटर-मोबाइलची दुकानं दाटीनं आहेत. अशा दुरुस्तीच्या काउंटरवर भिजलेली हार्ड डिस्क येते तेव्हा ती बहुतेक वेळा आधीच मारलेली असते, आणि मारणारं पाणी नसतं. डिस्कच्या झाकणावर टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं, हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. त्यातून पाणी आत जातं. आतली चकती आरशासारखी गुळगुळीत असते, आणि वाचणारा काटा तिच्यापासून केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी अंतरावर तरंगत फिरतो. गाळाचं पाणी वाळलं की चकतीवर क्षार आणि माती चिकटून राहते. मालक दोन दिवस डिस्क गच्चीवर उन्हात ठेवतो, कुणी मोबाइलसारखी तांदळाच्या डब्यात पुरतो, आणि मग ‘बघू तर खरं’ म्हणून वायर लावतो. काटा त्या मातीवर आपटतो. टिक्, टिक्, टिक् असा आवाज येतो आणि प्रत्येक टिक्‌बरोबर चकतीचा थर ओरबाडला जातो. डेटा काढून देणारे लोक याच्या नेमकं उलट सांगतात: सुरू करू नका, उन्हात ठेवू नका, ओली आहे तशीच पिशवीत घट्ट बांधून आणा. ओल्या डिस्कमधून निघण्याची थोडीतरी शक्यता असते. वाळवून चालवलेलीतून जवळजवळ काही निघत नाही.

आता जे गेलं ते नेमकं काय गेलं, हे जरा सोडवून पाहिलं पाहिजे, कारण सगळंच जात नाही. तुम्ही नोंदणीकृत पुरवठादाराकडून घेतलेला माल त्यानं आपल्या विवरणात दाखवलेला असतो. तो जीएसटीच्या पोर्टलवर तुमच्या जीएसटीआर-२बीमध्ये महिन्यानुसार दिसतो. तुम्ही व्यापाऱ्यांना विकलेल्या मालाची बिलं जीएसटीआर-१ मध्ये असतात. बँकेचं स्टेटमेंट बँकेत आहे. पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधी, टीडीएस यांचीही कुठे ना कुठे नक्कल निघते. चार रात्री जागून खरेदी, विक्री आणि बँक ही तिन्ही खाती बऱ्यापैकी उभी करता येतात.

उभी राहत नाही ती उधारी. इतवारी-गांधीबागेतला ठोक धंदा उधारीवर चालतो. भंडारा, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाटचा किरकोळ दुकानदार माल उचलतो आणि सुगी झाली की, किंवा लग्नसराई आटोपली की, हप्त्याहप्त्यानं पैसे देतो. कुणी रोख, कुणी दुसऱ्याच्या हाती, कुणी मागच्या बिलातला खराब माल परत करून. कुणाकडे आज किती येणं आहे, त्यातलं कोणत्या बिलाचं, कोणती सूट तोंडी कबूल केली होती, हे सरकारच्या कुठल्याच पोर्टलवर नाही. तुम्ही काय घेतलं ते सरकारला माहीत आहे. तुमचं कोण देणं लागतो ते फक्त टेबलाखालच्या त्या डब्याला माहीत होतं. आणि ज्याच्याकडे येणं आहे त्याला फोन करून ‘भाऊ, तुमच्याकडे आपले किती निघतात?’ असं विचारणारा व्यापारी धंद्यातून उठल्यातच जमा.

विम्याचंही असंच आहे. पुराचा धोका धरणारी पॉलिसी असली तर बुडालेल्या मालाचा दावा करता येतो. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्याच कंपन्यांकडे मिळते. पण सर्व्हेअर पहिलं काय मागतो? त्या दिवसाचा स्टॉक आणि खरेदीची बिलं. दुसरीकडे, नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट कलम १७(५) प्रमाणे परत करावं लागतं. किती करायचं ते ठरवायलाही तोच स्टॉक लागतो. थोडक्यात, नुकसान सिद्ध करायचा कागद नुकसानीतच गेलेला. सरकारनं त्या वेळी दुकानांसाठी पन्नास हजारांपर्यंतची मदत जाहीर केली होती. ती फर्निचरलाही पुरली नसेल. आणि विमा सहसा यंत्राची किंमत देतो, त्यातल्या नोंदींची नाही.

पण पूर वर्षानुवर्षांतून एकदा येतो. उन्हाळा दरवर्षी येतो, आणि माझ्या मते नागपूरच्या कम्प्युटरांचा मोठा वैरी तोच आहे.

मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ३० मे २०२४ ला तर हवामान खात्याच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग कळलं की सेन्सर बिघडला होता. उन्हात यंत्रही भ्रमिष्टासारखं बोलतं याचा याहून सरकारी पुरावा मिळणार नाही. ४७ अंश ही सावलीतल्या हवेची गोष्ट. टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर, चिल्लरच्या पोत्यांआड ठेवलेल्या यूपीएसला काय सोसावं लागतं ते वेगळंच. त्यातली बॅटरी शिशाची. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं, हा बॅटरीवाल्यांचा जुना आडाखा. पुस्तकात तीन वर्षं लिहिलेली बॅटरी इथे दीड वर्षात फुगते. फुगलेली बॅटरी डब्याच्या बाजूंना इतकी घट्ट बसते की ती काढायला यूपीएसचा पत्रा वाकवावा लागतो. बाहेरून मात्र हिरवा दिवा लागलेलाच असतो. लाइट जाते, यूपीएस एकदा ‘टूं’ करतो, आणि हिशेबाचं टॅली उघडं असताना सगळं एकदम काळं होतं. वीज परत आल्यावर पडद्यावर ‘इंटर्नल एरर’ किंवा ‘मेमरी अ‍ॅक्सेस व्हायोलेशन’ असली काहीतरी पाटी. मग फोन: ‘भाऊ, टॅली उघडूनच नाही राहिलं.’

यावरचा उपाय इतका साधा आहे की कुणी करत नाही. महिन्यातून एकदा, गिऱ्हाईक नसताना, कामं जतन करून यूपीएसचा भिंतीतला प्लग काढायचा आणि घड्याळ बघायचं. दहा मिनिटं निघाली तर ठीक. दोन मिनिटांत मेला तर हजाराच्या आसपासची बॅटरी आणायची. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करनं लिहून ठेवायची. बस.

कूलरचा मुद्दा बाहेरगावच्या तज्ज्ञांना सुचणारच नाही. नागपुरात मार्च संपला की दुकानात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लागतो, आणि त्याचा झोत जिथे मालक बसतो तिथे, म्हणजे कम्प्युटरवर. ओली हवा, तिच्यात बोअरच्या पाण्याचे क्षार, शिवाय बाजाराप्रमाणे धूळ: कळमन्यात मिरची, इतवारीत किराण्याची भुकटी, कापडवाल्याकडे तंतू. कॅबिनेट उघडलं की पंख्यावर राखाडी जाजम अंथरलेलं असतं आणि रॅमच्या सोनेरी दातांवर हिरवट डाग. दुरुस्तीवाला रॅम काढतो, खोडरबरानं घासतो, परत बसवतो, मशीन सुरू होतं. हे पाहिलेल्या मालकाला पुढे कुठलंही मोठं बिल अन्याय्य वाटतं. कूलरचं तोंड फिरवा, सीपीयूला हाताएवढी मोकळी जागा द्या, आणि एप्रिलच्या आधी एकदा ब्लोअर मारून घ्या. वर्षाची निम्मी रड कमी होते.

अर्थिंगबद्दल एकच सांगतो. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात कोरडी होऊन फाटते, आणि कोरड्या मातीत अर्थिंगचा खड्डा काम करत नाही. जुने इलेक्ट्रिशियन उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायला सांगत. ती अंधश्रद्धा नव्हती.

आता बॅकअपकडे येऊ. ‘बॅकअप आहे का?’ या प्रश्नाला नागपुरातला कुठलाही दुकानदार ‘हो’च म्हणतो. तो खोटं बोलत नाही. टॅलीनं बॅकअप घेतला असं दाखवलेलं त्यानं पाहिलेलं असतं. तो कुठे घेतला? त्याच कम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर. डी ड्राइव्ह म्हणजे वेगळी डिस्क नव्हे, त्याच डिस्कची दुसरी खोली; घर जळलं की दोन्ही खोल्या जळतात. दुसऱ्याचा बॅकअप पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्ह बारा महिने सीपीयूलाच खोचलेला. तिसऱ्यानं टॅलीचं फोल्डर गूगल ड्राइव्हला जोडून ठेवलंय. उत्तम, पण फाइल इकडे बिघडली की ती बिघडलेलीच तिकडे चढते. चौथ्यानं १०००० नावाचं फोल्डर उचलून ठेवलं आणि चालू वर्षाची कंपनी होती १०००१ मध्ये.

हा भाबडेपणा फक्त इतवारीतला नाही. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचं काम सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला तिच्या एका माणसानं रात्री दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या पद्धती होत्या. एकही धड चालत नव्हती. सहा तासांपूर्वी एकानं योगायोगानं काढलेल्या नकलेवर कंपनी परत उभी राहिली, मधले सहा तास गेले ते गेलेच. कागदावर मात्र बॅकअप होताच.

तीन नकला, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी: हा नियम पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं आपल्या फोटोंसाठी सांगितला आणि तो आता सगळीकडे चालतो. नागपुरात ‘दुसरी जागा’ निवडताना मात्र नकाशा बघावा. दुकान बर्डीवर, घर कॉर्पोरेशन कॉलनीत. दोन्हीकडे एकाच रात्री एकाच तलावाचं पाणी. ज्यांची दुसरी नक्कल सीएच्या ऑफिसात किंवा वरच्या मजल्यावरच्या कपाटात होती, त्यांचं काम चाललं. चार-पाच हजारांच्या दोन पोर्टेबल डिस्क घ्या; एक दुकानात, एक अशा दुसऱ्या जागी, शनिवारी अदलाबदल. दर वेळी तारखेच्या नावाचं नवं फोल्डर, म्हणजे कालच्या चांगल्या नकलेवर आजची बिघडलेली चढणार नाही. काम झालं की वायर काढून टाकायची.

आणि तीन महिन्यांतून एकदा ती डिस्क दुसऱ्याच कम्प्युटरवर, शक्यतो सीएच्या, लावून ‘रिस्टोर’ करून पाहायचं. कालचं शेवटचं व्हाउचर दिसलं पाहिजे, आणि येणे बाकीची यादी जुळली पाहिजे. ती यादी महिन्याच्या शेवटी छापून फाइलला लावणारे काही जुने व्यापारी अजून आहेत. त्यांना मागासलेलं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. एवढी वर्षं तुमच्या दुकानातली कुठलीच हार्ड डिस्क टिकेल असं धरून चालू नका.

चोरांचा विषय मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याची भीती सगळ्यांत जास्त आणि समज सगळ्यांत कमी. ‘आपल्यासारख्या छोट्याला कोण हॅक करते?’ हा नागपुरी युक्तिवाद. मोठ्यांना करतात हे आता माहीत आहे: जानेवारी २०२३ मध्ये नागपूरच्याच सोलर इंडस्ट्रीज या स्फोटकं बनवणाऱ्या कंपनीचा दोन टेराबाइट डेटा उचलल्याचा दावा ब्लॅककॅट नावाच्या टोळीनं केला होता. पण छोट्याला कुणी निवडून हॅक करत नाही. कुणीतरी रात्रभर गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी हलवत जातो, जी उघडी असेल तिथे शिरतो.

आणि उघडी कडी आपणच करून देतो. मालकाला घरी बसून टॅली बघायचं असतं. कम्प्युटरवाला येतो, विंडोजचं रिमोट डेस्कटॉप सुरू करतो, राउटरमधून ३३८९ नंबरचा पोर्ट बाहेरच्या जगाला मोकळा करतो. पाच मिनिटांचं काम, मालक खूश. युजर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, पासवर्ड दुकानाच्या नावापुढे १२३. जगभरचे प्रोग्राम हा एकच पोर्ट चोवीस तास ठोकत असतात आणि सोपे पासवर्ड लावून बघतात. एखाद्या शनिवारी रात्री लागतो. सोमवारी सगळ्या फाइलींच्या नावामागे विचित्र शेपूट लागलेलं असतं आणि डेस्कटॉपवर खंडणीची चिठ्ठी. अँटिव्हायरस? तो चोरानं आत आल्यावर स्वतःच्या हातानं बंद केलेला. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे ना तो. घरून बघायचंच असेल तर तो पोर्ट बंद करून व्हीपीएन लावून घ्या. कम्प्युटरवाल्याला जमत नसेल तर दुसरा बघा. हा एक मुद्दा मी हट्टानं धरीन.

दुसरी कडी फुकटाची. चोरीचं विंडोज, क्रॅक केलेलं टॅली, क्रॅक केलेलं कोरलड्रॉ. आपल्याकडच्या छपाईवाल्यांचा निम्मा धंदा त्यावर उभा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. क्रॅक चालवण्याआधी त्याची सूचना सांगते, अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे चोरानं बेल वाजवून कुत्रा बांधायला सांगावं आणि आपण बांधावा. ‘स्टॉप’ ऊर्फ ‘डीजेव्हीयू’ नावाचा खंडणीव्हायरस मुख्यतः असल्या क्रॅकमधूनच पसरला. त्याच्या जुन्या प्रकारांची किल्ली फुकट मिळते. डच पोलिस, युरोपोल आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाच्या साइटवर बघून मगच कुणाला पैसे द्यायचा विचार करावा. नव्या प्रकारांना बहुधा इलाज नाही, म्हणून वायर काढून कपाटात ठेवलेली ती डिस्क.

अपडेटचा कंटाळा ही तिसरी. वॉनाक्राय १२ मे २०१७ ला जगभर पसरला आणि दोन लाखांवर कम्प्युटर अडकले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. दोन महिने लोक ‘रिमाइंड मी लेटर’ दाबत होते. आता १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला. दुकानातलं मशीन २०१७ च्या आधीचं असेल तर बहुधा त्यावर विंडोज ११ रीतसर चढणार नाही. नुसत्या बिलिंगसाठी वापरत असाल तर एकवेळ चालेल, पण त्याच मशीनवरून नेट बँकिंग करू नका.

बाकी फसवणुकीचे प्रकार कम्प्युटरचे कमी आणि माणसाचे जास्त. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेच्या किंवा वाहनाच्या चलानच्या नावानं येणारी एपीके फाइल. नेहमीच्या पुरवठादाराच्या मेलवरून आलेलं ‘आमचं खातं बदललंय, नव्या खात्यात टाका’. खातं बदललं म्हटलं की जुन्या, आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून आवाज ऐकायचा. पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३०. पहिल्या काही तासांत रक्कम वाटेत गोठवता येते, दुसऱ्या दिवशी ती दहा खात्यांत फुटलेली असते.

आणि काही गोष्टी तुमच्या हातातच नाहीत. ३१ जुलै २०२४ ला सी-एज नावाच्या तंत्रज्ञान कंपनीवर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे तीनशे लहान बँका पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरत्या तोडाव्या लागल्या. त्याआधी बाराच दिवस, क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटनं जगातले पंच्याऐंशी लाख कम्प्युटर निळे पडले आणि आपल्या विमानतळांवर इंडिगोनं हातानं बोर्डिंग पास लिहिले. रस्ता सिमेंटचा करायला आलेला जेसीबी केबल तोडतो ते तर नागपूरकराला नवीन नाही. २० तारखेला जीएसटीआर-३बी भरायचा असतो, उशिराचे रोज पन्नास रुपये आणि कर थकला तर १८ टक्क्यांनी व्याज. यावर एकच, १७ तारखेला भरा. आणि दुसरं सिम ठेवा, दुसऱ्या बँकेत खातं आणि त्यात थोडी रक्कम ठेवा.

मूळ दुखणं मात्र माझ्या मते यांतलं कुठलंच नाही. ते आहे ‘कम्प्युटरवाला पोट्टा’. प्रत्येक दुकानाचा एक असतो. दुचाकीवर येतो, पाठीला काळी बॅग, व्हिजिटचे तीनशे-पाचशे घेतो आणि चहा पितो. हुशार असतो, प्रामाणिकही असतो. सगळे पासवर्ड त्याच्या डोक्यात किंवा मोबाइलमध्ये. पूर्वी दुकानाचे दिवाणजी असत, त्यांच्याही डोक्यात पुष्कळ असे. पण दिवाणजी रुसून गावी गेले तरी वही दुकानात राहायची आणि मालकाला ती वाचता यायची. इथे वही दुकानात आहे, वाचायची किल्ली बाहेर.

ही किल्ली किती ठिकाणी अडकलेली असते ते मोजू लागलं की घाम फुटतो. जीएसटी पोर्टलला जोडलेला मोबाइल आणि ईमेल कुणाचा? २०१७ मध्ये घाईघाईत नोंदणी करून देणाऱ्या सल्लागाराचा. त्याचं नि आपलं आता बोलणं नाही, ओटीपी मात्र त्याच्याच फोनवर वाजतो. लॉगिन हातात असेल तर दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. नसेल तर कागदपत्रं घेऊन आपल्या हद्दीच्या कर अधिकाऱ्याकडे जावं लागतं. डिजिटल सहीचं टोकन सीएच्या ड्रॉवरमध्ये, त्याचा पासवर्ड तिथल्या आर्टिकल असिस्टंटला पाठ. दुकानाच्या वेबसाइटचं डोमेन ज्यानं घेतलं त्याच्याच नावावर. दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर सोडून गेलेल्या सेल्समनच्या आधारवर. आणि टॅलीव्हॉल्ट! जुन्या अकाउंटंटनं कंपनीला व्हॉल्टचा पासवर्ड लावला असेल आणि तो हरवला, तर टॅली बनवणाऱ्यांनाही तो काढून देता येत नाही. कुलूप तसंच केलेलं आहे. सगळे आकडे जागेवर असतात, पूर नाही, चोर नाही, डिस्क ठणठणीत. आणि उधारी तरी बुडालेली.

परसोडीच्या आयटी पार्कात आणि मिहानमध्ये याच शहरातली मुलं परदेशी बँकांचे सर्व्हर डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. तिथून काही कोसांवर इतवारीत राउटरचा युजर ‘अ‍ॅडमिन’ आणि पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. ज्ञान कमी नाही, ते गल्लीत पोचवणारी सोय नाही. ‘एएमसी’ म्हणून जो वार्षिक करार होतो त्यात लिहिलेलं असतं किती तासांत येणार. बॅकअप रिस्टोर करून दाखवणार का, यूपीएस तपासणार का, आणि काम सोडताना सगळे पासवर्ड लिहून देणार का, हे कुणी लिहवून घेत नाही. लिहवून घ्या. दोन हजार जास्त मागेल, द्या. पासवर्डांची वही करून ती दागिन्यांच्या तिजोरीत ठेवा, आणि ती कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगा. कोविडमध्ये मालक गेल्यावर पोरांना बापाचा धंदा उघडता आला नाही तो अनेकदा याच कारणानं.

कारण पोट्टा राहणार नाही. चांगला असेल तर नक्कीच नाही. त्याला मिहानमध्ये, पुण्यात, हैदराबादला नोकरी लागते आणि लागलीच पाहिजे. जाताना तो पेढे देतो, ‘काही लागलं तर फोन करा काका’ म्हणतो, आणि दोन महिन्यांनी खरंच फोन केला तर तो मीटिंगमध्ये असतो. नवा येतो. तो बॅग खाली ठेवून पहिला प्रश्न विचारतो, ‘राउटरचा पासवर्ड?’ मालक गल्ल्यावरच्या मुलाकडे बघतो, मुलगा मालकाकडे. मग नवा पोट्टा खिशातून पिन काढतो, राउटरच्या मागच्या भोकात घालतो आणि दहा सेकंद दाबून धरतो. राउटर कोरा होतो. प्रिंटर सापडत नाही, कॅमेरे सापडत नाहीत, दुसऱ्या काउंटरवरचं टॅली पहिल्याला ओळखत नाही, आणि धनतेरसच्या गर्दीत दिवसभर बिलं हातानं फाडावी लागतात, बिलबुक छापून ठेवलेलं असेल तर.